चौकट दश्शीची वंशावळ

पत्त्यांबद्दल मराठी मध्यमवर्गाचं मत प्रसंगानुसार बदलतं. लग्नघरी, गणपतीच्या जागरणाला किंवा रात्रभराच्या रेल्वेप्रवासात खेळले तर ते पत्ते. एरवी कुठेही खेळले तर तो जुगार. आमच्या घरचा पत्त्यांचा कॅट वडिलांनी पितळी कुलपाच्या ट्रंकेत ठेवलेला असे. तो मे महिन्यात पन्ह्याबरोबर बाहेर निघे आणि जून उजाडला की पुन्हा ट्रंकेत जाई. त्यामुळे पत्त्यांनाही इतिहास असतो, आणि तो आपल्या काही काकालोकांच्या इतिहासापेक्षा रंगतदार असतो, हे कळायला मला दिल्लीची थंडी लागली.

आपण मराठी माणसं जे खेळतो ते बहुतेक ‘हात’ करण्याचे खेळ. मेंढीकोट घ्या, पाच-तीन-दोन घ्या, नाही तर चारचौघांत इंग्रजी बोलणाऱ्यांचा ब्रिज घ्या. एकानं उतारी करायची, बाकीच्यांनी त्याच रंगाचं पान टाकायचं, मोठं पान हात नेतं आणि हुकूम सगळ्यांच्या डोक्यावर बसतो. सावंतवाडीची ती एकशेवीस पानांची गोल, दशावतारी गंजिफासुद्धा याच घराण्यातली. हे खेळ मुळात सरंजामशाहीचे आहेत. राजा राणीला खातो, राणी गुलामाला खाते, आणि दुर्री बिचारी जन्मभर कुणाच्या तरी पायाखाली मरते.

पण पत्त्यांत दुसरंही एक घराणं आहे. त्यात हुकूम नाही, उतारी नाही, कोण मोठा कोण छोटा हा वाद नाही. चार पानं मध्ये उघडी पडलेली असतात. तुमच्या हातात नव्वी असेल तर मधली नव्वी उचला. नव्वी नसेल आणि पंजी-चव्वी असेल तर पाच आणि चार नऊ म्हणून ती उचला. काहीच जमत नसेल तर हातातलं एक पान मध्ये टाका आणि दुसऱ्याचं कल्याण बघत बसा. पत्त्यांचे अभ्यासक या घराण्याला ‘मासेमारीचे खेळ’ म्हणतात. हे नाव त्यांनी चीनमधून उचललं. तिथे या जातीच्या एका खेळाचं नावच ‘मासे धरणं’ असं आहे. दोन पानांची बेरीज दहा झाली की मासा गळाला लागला. त्यातही लाल पानांना किंमत, काळी नुसती पाण्यातली शेवाळं. मध्ये मांडलेली पानं म्हणजे तळं, हातातलं पान म्हणजे गळ. उपमा चांगली आहे. फक्त खऱ्या मासेमारीत समोरचा माणूस आपल्या गळाकडे इतक्या वाईट नजरेनं बघत नाही.

आपल्याकडे या घराण्याची एक गरीब नातेवाईक आहे, ती म्हणजे भिकार-सावकार. एकानं पान टाकायचं, दुसऱ्यानं टाकायचं. वरच्या पानाशी जुळलं की सगळा ढीग आपला. डोकं अजिबात लागत नाही, म्हणून सहा वर्षांच्या मुलापासून साठ वर्षांच्या आजोबांपर्यंत सगळ्यांना सारखाच येतो. तुर्कस्तानात ‘पिश्ती’ नावाचा खेळ आहे. तो जवळजवळ हाच, फक्त त्यात गुलाम कुठलाही ढीग उचलतो आणि मार्कही मोजतात. म्हणजे आपल्या माजघरात चटईवर बसून आपण इस्तंबूलच्या कॉफीखान्यातल्या मंडळींशी सोयरीक ठेवून होतो, आणि घरातल्या कुणाला त्याची गंधवार्ता नव्हती.

मी १९७४ साली नोकरीनिमित्त दिल्लीला गेलो. कचेरीचं नाव सांगत नाही. तिचे नियम अजून तिथल्या कपाटात असतील. जेवणाची सुट्टी कागदोपत्री अर्ध्या तासाची होती. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ती सूर्याच्या मर्जीवर चाले. दिल्लीच्या सरकारी इमारती अशा बांधल्या आहेत, की उन्हाळ्यात त्यात भाजून निघावं आणि हिवाळ्यात गोठून जावं. त्यामुळे थंडीत सारं केंद्र सरकार एक वाजता उन्हात येऊन बसे. तेव्हाच्या राजपथाच्या, म्हणजे २०२२ पासून ज्याला कर्तव्यपथ म्हणतात त्याच्या, अलीकडच्या-पलीकडच्या हिरवळीवर शेंगदाणे, गजक, मीठ-मसाला लावलेला मुळा आणि पत्ते अशी पंगत मांडलेली असे. बायका स्वेटर विणत. पुरुष ज्यात रमलेले असत तो खेळ मी कधी पाहिलेला नव्हता. त्याचं नाव सीप.

हिंदीत सीप म्हणजे शिंपला. मासेमारीच्या खेळाला शिंपला हे नाव मला इतकं समर्पक वाटलं, की पहिले काही महिने मी ते सगळ्यांना कौतुकानं सांगत होतो. कुणी विरोध केला नाही. पंजाबी माणसं पत्ते हातात असताना शब्दांच्या व्युत्पत्तीत लक्ष घालत नाहीत. नावाची खरी गोष्ट पुढे येईल.

सीप चौघांनी खेळायचा, समोरासमोरचे दोघे भिडू. पहिल्या माणसाला चार पानं मिळतात, मध्ये चार पालथी पडतात, आणि ती उघडण्याआधी त्यानं आपल्या पानांकडे बघून आकडा बोलायचा: नऊ ते तेरा. गुलाम अकरा, राणी बारा, राजा तेरा. मग पानं उघडायची आणि त्या आकड्याचं ‘घर’ बांधायचं. घर म्हणजे मधल्या पानांत आपलं एक पान मिळवून तेवढी बेरीज करून ठेवलेला ढीग. मध्ये सत्ती आहे, तुमच्या हातात चव्वी आणि गुलाम आहे. सत्तीवर चव्वी ठेवा, म्हणा ‘ग्यारह का घर’, आणि पुढच्या खेपेला गुलामानं ते घेऊन जा. मधल्या काळात तिघांपैकी कुणाकडे गुलाम नसला तर. आणि तो असतोच.

शिवाय घर दोन प्रकारचं. कच्च्या घरावर दुसरा माणूस आणखी एक पान ठेवून त्याचा आकडा वाढवू शकतो, म्हणजे तुमचं अकराचं घर मोडून तेराचं स्वतःचं करू शकतो. पण त्याच घरात अकराची आणखी एक जुळणी घातली की ते पक्कं झालं. पक्कं घर कुणाला मोडता येत नाही. ज्याच्याकडे त्या आकड्याचं पान असेल तो ते सबंधच्या सबंध उचलून नेतो, एवढंच.

आता मार्क. एकूण मार्क शंभर, हे ऐकूनच माझ्यासारख्या शाळामास्तरांच्या घराण्यातल्या माणसाला बरं वाटलं. सगळं इस्पिक आपापल्या अंकाइतकं: एक्क्याला एक, दुर्रीला दोन, असं राजाला तेरा. त्यांची बेरीज एक्क्याण्णव. बाकीच्या तीन एक्क्यांना एकेक, झाले चौऱ्याण्णव. आणि चौकट दश्शीला सहा. शंभर! नापास होण्याची रेषा मात्र पस्तीस नाही, नऊ. नवाच्या आत राहिलात तर बाजी गेली. हा परीक्षाविभाग एकूण मायाळू आहे. पण एखाद्यानं मधली सगळी पानं एका झटक्यात उचलून मैदान साफ केलं, तर ती ‘सीप’, आणि तिचे पन्नास. वर्षभर अभ्यास करणाऱ्याला शंभर आणि वर्गातून नुसता केर काढणाऱ्याला पन्नास! हे गणित मला आधी अन्यायाचं वाटलं. पुढे कचेरीत बढतीच्या याद्या वाचायला लागलो तेव्हा तक्रार राहिली नाही.

आमच्या चटईवर चौघं होतो. एक हरियाणाचे चौधरी, जे पान टाकताना हुक्का ओढल्यासारखा आवाज करत. एक बंगाली बाबू, ज्यांचा जीव ब्रिजमध्ये होता आणि शरीर नाइलाजानं सीपमध्ये. चौथा मी. आणि माझे भिडू भापाजी. भापाजी म्हणजे मोठे भाऊ. सगळा विभाग त्यांना तेच म्हणे. लायलपूरचे, म्हणजे आताच्या फैसलाबादचे. हिशेबाच्या कामात त्यांचा इतका हातखंडा नव्हता, की साहेबानं टिपणी परत पाठवली नाही असा महिना जात नसे. पण कुठली नऊ इस्पिकं गेली आणि कुठली चार कुणाच्या हातात आहेत, हे ते शेंगा सोलता सोलता सांगत. मी एकदा नव्वी खाली टाकली तेव्हा त्यांनी पत्ते खाली ठेवले, चष्मा काढला आणि विचारलं, “ओए मराठे, शिवाजी महाराजांनी किल्ले असेच दिले होते का?” ती नव्वी टाकणं बरोबर होतं, हे माझं आजही मत आहे. मध्ये दुसरी काय टाकणार होतो? पण भापाजींना ते पटलं नाही, आणि तो वाद पुढे अठरा वर्षं, दर डिसेंबरात, नव्यानं निघत राहिला.

आता वंशावळीकडे वळू. मला नेहमी एक प्रश्न छळे: ही चौकट दश्शी इतकी लाडाची का? इस्पिकाचं समजू शकतो, एक्क्यांचंही समजू शकतो. पण बावन्न पानांत एकट्या चौकट दश्शीच्या गळ्यात सहा मार्कांचा हार कुणी आणि का घातला? भापाजींना विचारलं तर म्हणाले, “रूल आहे.” चौधरी म्हणाले, “शुरू से है.” पंजाबात एवढ्यावर इतिहास संपतो.

उत्तर मला इंग्लंडात सापडलं, म्हणजे पुस्तकात. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये ‘कॅसिनो’ नावाचा एक पत्त्यांचा खेळ चलनात आला. जुगाराचा अड्डा नव्हे. बैठकीच्या खोलीत बायकामुलांसकट खेळायचा सोज्ज्वळ खेळ. जेन ऑस्टिन बाईंच्या १८११ सालच्या ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ या कादंबरीत लेडी मिडलटन संध्याकाळी पाहुण्यांना कॅसिनोला बसवू बघते. या खेळातही चार पानं मध्ये उघडी. यातही बेरजेनं उचलायचं. यातही ढीग बांधायचे. शेवटी मध्ये उरलेली पानं ज्यानं शेवटचं उचललं त्याची, हा सीपमधला नियमही यात जसाच्या तसा. मार्क कशाला? ज्याच्याकडे इस्पिकं जास्त त्याला, एक्क्यांना एकेक, आणि दोन मार्क कुणाला? चौकट दश्शीला! तिचं नाव ‘मोठी कॅसिनो’. आणि सगळी पानं एकदम उचलली तर त्याला म्हणतात ‘स्वीप’.

स्वीप! म्हणजे आमचा सीप हा शिंपला नव्हताच. तो इंग्रजांचा झाडू होता. कुणी कॅप्टन, कुणी कलेक्टर हा खेळ लाहोर-अंबाल्याच्या छावणीत घेऊन आला असणार, हे त्या दश्शीच्या चेहऱ्यावर लिहिलेलं आहे. पंजाबी जिभेनं मग ‘व’ गाळून टाकला आणि खेळाला चांगला दणकट केला. कॅसिनोत सगळे मार्क मिळून जेमतेम अकरा. त्याचे शंभर केले. इस्पिकांना एक मार्क होता तिथे एक्क्याण्णव दिले. एक्के मिळवून चौऱ्याण्णव झाले. शंभराला कमी पडत होते सहा. ते, मला वाटतं, घरातल्या जुन्या मोलकरणीला बक्षिसी द्यावी तसे चौकट दश्शीच्या पदरात टाकून दिले. चोपडीचा हिशेब पूर्ण. हा माझा तर्क आहे, पण लेखा विभागात काढलेल्या आयुष्याला स्मरून सांगतो, की आकडे असेच जुळवले जातात.

आणखी एक गंमत. कॅसिनो हा शब्द इटालियन, आणि त्याचा मूळ अर्थ ‘लहानसं घर’. सीपमध्ये आम्ही जन्मभर बांधत होतो तेही घरच. यात योगायोग किती आणि इतिहास किती याची वाटणी मी केलेली नाही. मला ती जोडी आवडते.

इटलीत तर हे घराणं राजघराणंच आहे. तिथल्या खेळाचं नाव ‘स्कोपा’, आणि स्कोपा म्हणजे चक्क केरसुणी. स्पेनमध्ये त्याच जातीचा ‘एस्कोबा’, त्याचाही अर्थ केरसुणीच. जिथे जावं तिथे झाडू! स्कोपाची पानं चाळीस. रंग नाणी, पेले, तलवारी आणि दंडुके. राणीच नाही, शिपाई, घोडेस्वार आणि राजा. सगळ्यात लाडकं पान नाण्यांची सत्ती, तिला ‘सेत्तेबेल्लो’ म्हणतात, म्हणजे देखणी सत्ती. फ्रेंच धर्तीच्या पानांत नाण्यांची जागा चौकटनं घेतली, आणि भूमध्य समुद्र ओलांडून इजिप्तमध्ये ‘बस्रा’ खेळायला बसलात तर तिथे चौकट सत्तीच अख्खी बैठक साफ करते. इराणात जाल तर ‘पासूर’. तिथे बेरीज अकराची करायची आणि किलवरची सात पानं जमवायची. प्रत्येक मुलुखानं आपापली लाडकी निवडली आहे. लाडकी नसलेला मुलूख मला सापडला नाही.

चौघांचा स्कोपा तो ‘स्कोपोने’, आणि त्यातला कडक प्रकार ‘शास्त्रीय स्कोपोने’. या नावाचा १९७२ सालचा एक इटालियन चित्रपटही आहे. रोममधल्या झोपडपट्टीतलं एक जोडपं आणि दरसाल पत्ते खेळायला येणारी एक कोट्यधीश म्हातारी, अशी त्याची गोष्ट. म्हातारीचं काम बेटी डेव्हिसनं केलंय. तिच्याकडे पैसा इतका, की ती जिंकेपर्यंत डाव दुप्पट करू शकते आणि म्हणून हरतच नाही. हा चित्रपट विनोदी आहे असं सांगतात. माझ्यासारख्या पगारदार माणसाला तो फारसा विनोदी वाटला नाही.

पण स्कोपोनेचा खरा मान आहे तो एका फोटोत. ११ जुलै १९८२ रोजी माद्रिदला इटलीनं पश्चिम जर्मनीला ३-१ असं हरवून फुटबॉलचा विश्वचषक जिंकला. दुसऱ्या दिवशी संघ राष्ट्राध्यक्षांच्या विमानातून रोमला परतला. राष्ट्राध्यक्ष सांद्रो पेर्तिनी, वय पंच्याऐंशी. फॅसिस्टांच्या राजवटीत वर्षानुवर्षं तुरुंगात काढलेले गृहस्थ. त्यांनी विमानात काय करावं? भाषण? नाही. पत्ते काढले. ते आणि कप्तान गोलरक्षक दीनो झोफ एका बाजूला, प्रशिक्षक एन्झो बेआरझोत आणि खेळाडू फ्रांको काउझिओ दुसऱ्या बाजूला. समोर टेबलावर विश्वचषक ठेवलेला, आणि चौघांपैकी एकाचंही त्याच्याकडे लक्ष नाही. चौघं हातातल्या पानांत बुडालेले. पेर्तिनी-झोफ हरले. काउझिओनं पुढे सांगितलं, की त्यानं सत्तीची एक हूल दिली, राष्ट्राध्यक्ष फसले, आणि डाव गेल्यावर त्यांनी बोल लावला तो आपल्या भिडूला. कालच जग जिंकून आलेला चाळीस वर्षांचा गोलरक्षक, आणि आज राष्ट्राध्यक्षांकडून सत्तीसाठी शिव्या खातोय! हा फोटो मी भापाजींना दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “बुजुर्ग ठीक कहता होगा. भिडू की ही गलती होती है.”

या मासेमारीचं एक टोक आपल्या गोव्यालाही लागतं. १५४३ साली पोर्तुगीज जपानला पोचले, आणि नंतर दरसाल गोव्याहून मलाक्का, मकाव करत त्यांची जहाजं तिकडे जाऊ लागली. खलाश्यांच्या पेटाऱ्यात पत्ते होते. पोर्तुगीज ‘कार्ता’वरून जपानी भाषेत ‘कारुता’ शब्द झाला. पुढे १६३९ साली जपाननं पोर्तुगीजांना हाकलून दिलं. सरकार जुगाराच्या पानांवर बंदी घाली. कारागीर चित्रं बदलून नवी पानं काढत. सरकार त्यावरही बंदी घाली. या पाठशिवणीतून शेवटी अशी पानं तयार झाली, की ज्यांवर आकडाच नाही. पकडणार काय, कपाळ? नुसती फुलं! त्यांचं नाव ‘हानाफुदा’, फुलांची पानं. बारा महिन्यांची बारा झाडं, प्रत्येकाची चार पानं, एकूण अठ्ठेचाळीस, म्हणजे पोर्तुगीज कॅटाइतकीच. जानेवारीचा पाइन, फेब्रुवारीचा जर्दाळूच्या जातीचा मोहर, मार्चची चेरी, ऑगस्टच्या गवतावर उगवलेला पूर्ण चंद्र, ऑक्टोबरच्या मेपलखाली हरीण. नोव्हेंबरच्या एका पानावर छत्री घेतलेला एक गृहस्थ आणि त्याच्या समोर उडी मारणारा बेडूकही आहे. ‘कोई-कोई’ नावाचा खेळ यांवर खेळतात: मधल्या मार्चवर हातातला मार्च टाकायचा आणि दोन्ही उचलायचे. कोई-कोई म्हणजे ‘ये, ये’. एक जोड जमली की थांबून मार्क घ्यायचे की ‘ये, ये’ म्हणून आणखी हाव धरायची, हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

ही पानं करणाऱ्या एका माणसानं, फुसाजिरो यामाउची त्याचं नाव, १८८९ साली क्योतोत दुकान काढलं. त्या दुकानाचं नाव निन्टेन्डो. होय, तीच ती, ज्यांच्या व्हिडिओ खेळापायी तुमची नातवंडं जेवायला येत नाहीत. ती कंपनी हानाफुदा आजही काढते. जपान्यांकडून ही फुलं कोरियात गेली. तिथे ‘हवातू’ या नावानं सणासुदीला सारं कुटुंब जमून खेळतं, आणि पान चादरीवर असं आपटतं, की शेजाऱ्याला कळावं. कोरियन माणूस आणि आमचे चौधरी एका चटईवर बसले असते, तर भाषेवाचून काही अडलं नसतं.

एका जानेवारीत, साल १९८५ असेल, असं धुकं पडलं होतं की हिरवळीवर बसणं शक्य नव्हतं. आम्ही कचेरीच्या जिन्याखाली, फायलींच्या गठ्ठ्यांवर बसलो होतो. बंगाली बाबूंनी नियमांवरून वाद काढला. ते म्हणत, पक्कं घर मोडायची सोय हवी. ब्रिजमध्ये असलं काही चालत नाही. भापाजी शांतपणे म्हणाले, पक्कं घर मोडता येत नाही. बाबू म्हणाले, मग ते पक्कं असून उपयोग काय, कुणीही येऊन उचलून नेतोच की.

भापाजी हसले. म्हणाले, “वो तो है.” मग पानं लावता लावता सांगायला लागले. लायलपूरला त्यांच्या वडिलांनी १९३९ साली घर बांधलं होतं. पक्क्या विटांचं, वर गच्ची, दाराला कोरीव चौकट. भापाजी तिथे सीप शिकले, बारा वर्षांचे असताना, गच्चीवर, वडिलांचा चौथा भिडू आला नाही म्हणून. “सन सैंतालीसमध्ये ते कुणी मोडलं नाही,” ते म्हणाले. “एक वीटसुद्धा काढली नाही. जालंधरहून आलेलं कुटुंब आलं, आणि तसंच्या तसं उचललं.” चौधरींनी विचारलं, मग तुम्ही? “आम्हाला करोल बागेत मिळालं. तेही पक्कंच होतं. चुलीत राख होती. भिंतीवर पोरांची उंची मोजल्याच्या खुणा होत्या. ज्यांचं होतं ते तिकडे कुठे तरी गेले.” मग पानांकडे बघत म्हणाले, “माँ ने वो दीवार कई साल पोतने नहीं दी.” आणि लगेच मला, “ओए मराठे, नव्वी टाकू नकोस.”

त्या दिवशी मी नव्वी टाकली नाही. राजा टाकला. बाबूंनी नियमाचा वाद पुन्हा कधी काढला नाही.

भापाजी १९९३ साली निवृत्त झाले. पुढे थंडीत अधूनमधून करोल बागेहून बस पकडून ते दुपारी हिरवळीवर येत. सत्तरीच्या जवळ आल्यावर ते थांबलं. मग रविवारी मी त्यांच्याकडे जाऊ लागलो. त्यांची सून दोघांना चहा देई आणि चौथा भिडू कोण, तिसरा कोण, हे शोधण्यात तास जाई. नातू क्रिकेट खेळायला पळत. सीप दोघांतही खेळता येतो, पण त्यात शिव्या द्यायला भिडू नसतो, आणि भिडूला शिव्या दिल्याशिवाय त्यांना मार्क मोजल्यासारखे वाटत नसत. शेवटच्या वर्षी गेलेली इस्पिकं त्यांना आठवेनाशी झाली. विचारत, “दहिला गया?” गेलेला असे. मी म्हणे, “पता नहीं भापाजी, ध्यान नहीं रहा.” ते खूश होत आणि म्हणत, तुला कधीच ध्यान नव्हतं. २००६ च्या डिसेंबरात ते गेले.

मी निवृत्त होऊन पुण्याला परत आलो. २०१४ साली दिल्लीच्या कचेऱ्यांत बोट दाबून हजेरी लावायची यंत्रं बसली, तेव्हा हिरवळीवरच्या त्या पंगतींचं काय झालं असेल याची कल्पना मी इथे बसून करू शकलो. मोबाईलवर सीप मिळतो. मी खेळून पाहिला. समोरचे तिघंही यंत्रातले. नव्वी टाकली तर कुणी चकार शब्द काढत नाही. दोन दिवसांत काढून टाकला.

मग आमच्या सोसायटीत चार माणसं जमवायचं ठरवलं. मराठी माणसाला सीप शिकवणं म्हणजे मांजराला पोहायला शिकवणं. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच: “हुकूम कोणता?” हुकूम नाही म्हटल्यावर एक निवृत्त बँक मॅनेजर उठूनच निघाले होते, त्यांच्या मते हुकूम नसलेल्या खेळाला शिस्त नसते. दुसरा प्रश्न: “पैसे नाही ना लावायचे?” तिसरा, खालच्या मजल्यावरच्या काकूंचा: “बेरीज करायची ना नुसती? मग एवढं काय समजावताय, वाटा!” काकूंनी चाळीस वर्षं किराणाच्या यादीची तोंडी बेरीज केलेली आहे आणि वाण्याला तीनदा पकडलेला आहे. चौथा भिडू म्हणून त्यांचा इंजिनिअरिंगचा नातू कान धरून आणला.

मी वाटली. काकूंनी चार पानं पाहिली, “तेरा” म्हणाल्या, मधली चार उघडली. सत्ती आणि छक्की, अठ्ठी आणि पंजी. काकूंनी हातातला राजा काढला, सात आणि सहा तेरा, आठ आणि पाच तेरा असं पुटपुटत चारही पानं गोळा केली आणि चटई रिकामी केली.

मी सांगितलं, की ही सीप. पहिल्याच खेळीची असल्यामुळे तिचे पन्नास नाही, पंचवीस.

“का? पंचवीस का?” काकू म्हणाल्या. “केर पूर्ण काढलाय की नाही?”

बँक मॅनेजर माझे भिडू होते. त्यांच्यापुढे मोकळी चटई होती, त्यांना एक पान टाकणं भाग होतं. त्यांनी खूप विचार केला आणि नव्वी टाकली.